सही तेवढी माझी

पालघरच्या एका छोट्या दैनिकात मी रोज व्यंगचित्र काढायचो. संपादक माझा शाळेपासूनचा मित्र. पेपर काढायचं ठरलं तेव्हा तो म्हणाला होता, "लिहिणारे मिळतील, पण चिमटे काढायला तूच हवास." बोईसरच्या कारखान्यातली ड्राफ्ट्समनची नोकरी सोडून मी गेलो. पुढाऱ्यांची नाकं, पोटं आणि जाकिटं काढण्यात वर्षं गेली. कुणी धमकावलं की मित्र फोन स्वतः घ्यायचा.

एकदा खाडीत कारखान्यांचं रंगीत पाणी आलं आणि मेलेले मासे काठाला लागले. आमच्या भागातला एक पुढारी किनाऱ्यावर येऊन डोळे पुसून गेला. भरपाईचं तेवढं बोलला नाही. मी त्याला चित्रात जेवायला बसवलं. समोर ताटभर पापलेट, गालांवर आसवं. खाली ओळ: 'मच्छीमारांचं दुःख माझ्या पोटात आहे.' मित्र खदखदून हसला. "उद्या भडका उडणार बघ," म्हणत चित्र घेऊन गेला.

सकाळी एडवणला घरी पेपर उघडला. चित्रातला पुढारी गायब. त्याचं जाकीट, चष्मा कॉम्प्युटरवर पुसून डोक्यावर कोळ्याची टोपी चढवलेली. पापलेटवर लिहिलं होतं 'भरपाई'. ओळही नवी: 'आमच्या पोटावर पाय आला हो!' भरपाई गिळून वर रडणारा कोळी, आणि सही मात्र माझीच. समोरच्या पानावर त्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात.

मी तसाच ऑफिसात गेलो.

"तुला फोन करणार होतो," मित्र म्हणाला.

"सही का ठेवलीस?"

त्याने टेबलावरचा पेपर घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाला, "तुझी सही असली की लोकांना खरं वाटतं रे."

"उद्या खुलासा छाप."

"मग कुणी बदललं तेही छापावं लागेल. पेपर बंद पडेल. तुला चालेल?"

तो माझ्याकडे बघत नव्हता. मी माझे ब्रश, शाईच्या बाटल्या पिशवीत भरल्या आणि निघालो.

संध्याकाळी मूळ चित्र घेऊन गावच्या मासळी बाजारात गेलो. माझ्या लहानपणापासून आमच्या घरी मासळी देणारी काकी पाटीमागे बसली होती. मला बघताच तिने तोंड फिरवलं.

"काकी, हे बघ. मी हे काढलं होतं."

तिने कागद हातात घेऊन बराच वेळ पाहिला. "हां, यो तोच हाय. रडून गेलेला." मग कागद परत देत म्हणाली, "पन पेपर घराघरात गेला रं. आमचा पोरगा बोलला, बघ, त्यानं पन आमाला इकलं. यो कागद तू किती दारांत नेशील?"

तरी मी बरीच दारं फिरलो. काहींनी चहा दिला. काहींनी ओटीवरूनच वाटेला लावलं.

आता मी बोईसरला मुलांना चित्रकला शिकवतो. व्यंगचित्रं काढतो आणि स्वतःच मोबाईलवरून पाठवतो. बघणारे थोडे आहेत. मध्यंतरी कोळगावला जिल्हा कचेरीच्या आवारात मित्र भेटला. चार लोकांसमोर खांद्यावर हात टाकून म्हणाला, "हा आमच्या पेपरचा कणा होता!"

मी त्याचा हात खाली केला. लोक बघत राहिले. त्याला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण मी थांबलो नाही.