कायमचा पत्ता
फिनेलचा वास आला की मला भिवंडीच्या नारपोलीतली आमची शाळा आठवते आणि स्वतःचाच राग येतो. त्या वर्षी पुरात खोल्या गेलेली माणसं आमच्या वर्गांत राहत होती. फरशीवर फिनेल, बाकांवर ओल्या गोधड्या, आणि दारात टेबल टाकून मी मास्तर त्यांना नव्या खोल्या मिळाव्यात म्हणून फॉर्म भरत होतो. एक बाई समोर बसली. नवरा पॉवरलूमवर ड्युटीला गेलेला. कायमचा पत्ता विचारला तर म्हणाली, "नारपोली." बाहेरगावहून आलेल्या लूमवाल्यांना सगळी भिवंडी जे विचारते तेच मी विचारलं, "वो नहीं, मुलुक कौन सा?" ती सरळ मराठीत म्हणाली, "सर, मी तर इथेच जन्मली." मागे रांग वाढत होती. मी वैतागून म्हणालो, "अहो बाई, मग नवऱ्याचं गाव सांगा!" तिने सांगितलं, मी लिहून टाकलं. आठवड्याने यादी लागली, त्यात तिचं नाव नव्हतं. "कायमचा पत्ता बाहेरचा आहे," खोल्या वाटणारे साहेब म्हणाले. चूक माझी आहे, असं मी तीनदा सांगितलं. "अक्षर तुमचंच ना, मास्तर?" म्हणत त्यांनी फाईल मिटली. बोचकं उचलताना बाई एवढंच बोलली, "सर, ते गाव मी बघितलंपण नाय." आता मी रिटायर झालोय, तरी परवा शेजारी नवं बिऱ्हाड आलं तेव्हा दार उघडताच माझ्या तोंडून निघालं, "मुलुक कौन सा?"