काकूंची बोली

काटेकाका घड्याळं दुरुस्त करायचे, आणि जुनी घड्याळं ऑनलाइन लिलावात विकायचे. शिकवलं काकूंनी. त्या घरी शिवणकाम करायच्या आणि त्याच साइटवर बोली लावून जुनी बटणं घ्यायच्या. एका घरात दोन खाती, काका विकणारे, काकू घेणाऱ्या. जोडी कशी जमली होती बघा.

काकू गेल्या आणि घर काकांना खायला उठलं. खिडकीपाशी त्यांचं शिलाई मशीन. ते दिसलं की काका भरल्या ताटावरून उठायचे. लेक म्हणाली, बाबा, देऊन टाका कुणाला तरी. मग एके दिवशी तिरीमिरीत काकांनी फोटो काढून मशीन सात दिवसांच्या लिलावाला लावलं. सुरुवातीची किंमत नावापुरती. अमुक किमतीच्या खाली विकणार नाही, अशी अट घालायची सोय असते. तो रकाना कोराच सोडला. राग मशीनवर थोडाच होता? राग काकूंवर होता, न सांगता गेल्या म्हणून.

सातव्या दिवशी सकाळी मशीन पुसायला घेतलं. काकूंचं मनगट टेकायचं तिथला काळा रंग झिजून आतलं लोखंड चकाकत होतं. काकांनी त्यावर हात ठेवला आणि ठरवलं, नाही द्यायचं.

पण बोली आलेली असली की शेवटच्या बारा तासांत विकणाऱ्याला लिलाव थांबवता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांची घड्याळं थांबवली, चालू केली. हे एक हाताबाहेर गेलं. आणि आपल्याच वस्तूवर आपण बोली लावायची नाही, ती लबाडी. काकांनी ती कधी केली नव्हती. त्या दिवशी केली. कपाटातून काकूंचा फोन काढून त्यांनी चार्जिंगला लावला.

घेणाऱ्यानं आपली शेवटची मजल गुपचूप सांगून ठेवायची, मग दुसरा चढला की साइट त्याच्या वतीनं थोडी थोडी बोली वाढवत जाते. काकांनी असा आकडा टाकला की पलीकडच्याचे डोळे पांढरे व्हावेत. पडद्यावर काकूंचं नाव आलं, खाली ‘तुम्ही आघाडीवर आहात’. त्या नावाकडे बघत काका ढसाढसा रडले.

दोन तासांनी बोली रद्द झाली. विकणारा आणि घेणारा एकाच पत्त्यावरचे. काकांनी साइटच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मुलगी गोड बोलणारी निघाली. बोली आपलीच आहे असं बाईंनी स्वतः सांगितलं, तर मी वरिष्ठांना विचारते, म्हणाली.

“त्यांना फोन देता का?”

“ती घरात नाही.”

“मग कधी येतील?”

पाच महिने काका दारात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत होते, ती घरात नाही. कपडे शिवायला आणणाऱ्या बायकांनाही.

“ती वारली,” ते म्हणाले. पहिल्यांदाच म्हणाले.

मुलीनं हळू आवाजात माफी मागितली. नियमापुढे तिचा तरी काय इलाज?

चार वाजता लिलाव संपला. मशीन लांबच्या गावातल्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना गेलं. लेक म्हणाली, पाठवूच नका. पण ज्या माणसानं गिऱ्हाइकाचा साधा स्क्रू कधी ठेवून घेतला नाही, तो शब्द कसा फिरवणार? दुसऱ्या दिवशी काकांनी स्वतः तेल घातलं, जुन्या चादरीत मशीन गुंडाळलं आणि चिठ्ठी ठेवली: दोरा जरा सैल ठेवा, तिला घट्ट चालत नाही.

कुरियरवाला खोकं घेऊन गेला. काका काकूंचा फोन बंद करायला गेले, तर त्यावर साइटचा निरोप पडलेला. ‘ही वस्तू दुसऱ्या कुणाला मिळाली. अशाच आणखी वस्तू पाहा.’ खाली बारा शिलाई मशीनं.

काकांनी चष्मा लावला आणि एकेक फोटो मोठा करून मनगटाची जागा शोधत राहिले.