डोमाभाऊंचे रिकामे रकाने

सकाळी डोंगे काठाला लागले की डोमाभाऊ तलावाच्या पाळीवर वही उघडून बसायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे. "किती लागली?" असं नाही विचारायचे. मासोळी किती लागली ते टोपल्यात दिसतंच. ते विचारायचे, "जाळं टाकलं होतं का?" टाकलं आणि काही लागलं नाही, तर वहीत शून्य. टाकलंच नाही, तर रकाना रिकामा. हा माणूस वीस-बावीस वर्षं शून्य आणि रिकामं यांची कधी गल्लत होऊ न देता जगला, आणि मी, कम्प्युटरचा डिप्लोमा भिंतीवर लावून बसलेला, पहिल्याच आठवड्यात ती गल्लत करून मोकळा झालो.

सिंदेवाहीच्या पुढे, जंगलाला टेकलेल्या एका गावच्या मच्छीमार संस्थेचे ते सचिव. गावात मालगुजारांच्या काळातला मोठा तलाव, त्यावर जगणारी साठ घरं, आणि त्या साठ घरांच्या वतीने कागदांशी झुंजणारे हे एकटे. सातवी शिकलेले. उंच, काळेभोर, गुडघ्यापर्यंत धोतर आणि वर कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. माझं कम्प्युटरचं दुकान चंद्रपूरला. दोन हजार सालाच्या पुढेमागे घुग्घुसच्या कोळशाचे आणि सिमेंटचे ठेकेदार गाडीतून उतरून यायचे त्या दुकानात एक दिवस डोमाभाऊ एसटीतून उतरून आले. हातात वह्यांनी भरलेली खताची पिशवी. पिशवीला सुकटीचा वास. दोन ठेकेदारांनी नाकाला रुमाल लावले.

"इंजिनेर कोन आहे इथी?"

"मी इंजिनिअर नाही हो. डिप्लोमा आहे."

"मशीन खोलता ना? लावता ना? मंग झालं. याच्याहून जास्ती इंजिनेर मले काऊन पाह्यजे?"

तेव्हापासून मी त्यांचा इंजिनेर. मी चारचौघांत किती वेळा लाजलो, पण त्यांनी ते नाव काही सोडलं नाही.

काम असं होतं. तलावाचा ठेका संपत आला होता आणि सरकारी कार्यालयातून पत्र आलं होतं की या तलावाचं उत्पादन वर्षानुवर्षं घटतं आहे, तलावाचा एक मोठा भाग तर काहीच देत नाही, संस्थेच्याने हा तलाव सांभाळवत नाही, तेव्हा ठेका लिलावाने बाहेरच्या माणसाला का देऊ नये? म्हणणं मांडायला दोन महिने. कुठल्याशा योजनेतून संस्थेला एक कम्प्युटर मिळाला होता. डोमाभाऊंच्या मनाने घेतलं होतं की साहेबाने कम्प्युटरचा कागद पाठवला आहे, तर आपणही कम्प्युटरचाच कागद द्यायचा. "वही पाहाले साहेबाले टाइम नाई. चित्र काढून द्या साहेबाले."

मी त्यांच्या सगळ्या वह्या भरायला घेतल्या. संस्थेतल्याच एका घरची मंगला नावाची मुलगी बारावी करून घरी होती, तिला हाताशी घेतलं. आठवड्याने पहिला आलेख काढला आणि मोठ्या ऐटीत डोमाभाऊंना दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "इंजिनेर, तलाव मारून टाकला तुमी."

मी रिकाम्या रकान्यांत शून्यं भरली होती. रिकामं बरं दिसत नाही म्हणून! कार्यालयात जाणारी पत्रकं लिहिणाऱ्या संस्थेच्या जुन्या कारकुनानेही तेच केलं होतं, हे नंतर कळलं. साहेबांचं पत्र त्याच शून्यांतून जन्मलं होतं.

"हे पाहा," त्यांनी मला डोंग्यात बसवून तलावाच्या टोकाला नेलं. काठावर शेंदूर लावलेली मातामाय आणि समोर हिरवंगार, गच्च पाणी. "इथी आपल्या गावचा मानूस जाळं टाकत नाई. बिजाई मासोळी इथी राह्यते, अंडे देते. हे मातामायचं पानी. अन् बरसातीत दोन महिने कुठीच नाई टाकत. आता तुमी इथी शून्य लिहिलं. शून्य म्हणजे काय? मी आलो, जाळं टाकलं, मले काई भेटलं नाई. अन् मी तं आलोच नाई! येईन तेव्हा भेटन न बाप्पा."

मग सुरू झाली आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरची पारख. मी तीन कंपन्यांची चाचणी प्रत आणली. माझ्या दृष्टीने पाहण्यासारखं पुष्कळ होतं, रंग, तक्ते, काय काय. डोमाभाऊ मात्र तिन्हींना एकाच गोष्टीवर पारखत होते, रिकाम्या रकान्याचं ते काय करतं? पहिल्याने रिकाम्या जागी गुपचूप शून्य घातलं. "हे नोको." दुसऱ्याने आजूबाजूची सरासरी काढून रिकामी जागा स्वतःच भरून टाकली. "हे तं कारकुनाहून हुशार निघालं. न टाकलेल्या जाळ्यात मासोळी देते! नोको." तिसऱ्याने रेषा काढत आणली, रिकाम्या जागेपाशी सोडली, आणि पलीकडून पुन्हा धरली. डोमाभाऊंनी पडद्यावरच्या त्या तुटलेल्या जागेवर बोट ठेवलं.

"हे. हे पाह्यजे."

तिसरं सगळ्यांत महाग होतं. चाचणीचे दिवस तीस, आणि छापलेल्या प्रत्येक पानावर आडवा शिक्का, 'चाचणी प्रत'. खोटं कशाला सांगू, त्या काळी माझ्या दुकानात विकत घेतलेलं सॉफ्टवेअर नावालाही नव्हतं. नागपूरहून आणलेल्या सीड्यांवर अख्खं चंद्रपूर चालत होतं. मी डोमाभाऊंना म्हणालो, काळजी करू नका, ह्याची तोडलेली प्रत मिळते, शिक्काही जाईल आणि पैसाही लागणार नाही.

ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला खुर्चीत बसवेना.

"मी बारा-तेरा वर्षांचा असतानी," ते म्हणाले, "शेजारच्या गावच्या बोडीत चोरून जाळं टाकलं. पाच रोहू. बापानं पाह्यलं. मारलं नाई. म्हणे चाल. तिथी नेलं अन् म्हणे सोड परत. मेल्या होत्या त्या, इंजिनेर. मी सोडल्या तं पोट वर करून तरंगाले लागल्या. बाप म्हणे, पाह्य, चोरलेलं परत करता येत नाई." मग म्हणाले, "आमी ठेक्यासाठी भांडून राह्यलो. ठेका म्हणजे काय? परवाना. अन् आमचा कागदच बिनपरवान्याचा? कोन्त्या तोंडानं देऊ साहेबाले?"

गावात वर्षातून एका दिवसाची सगळी मासोळी मातामायच्या पूजेला जायची. डोमाभाऊंनी सभा बोलावली आणि यंदा असा आणखी एक दिवस मागितला, सॉफ्टवेअरसाठी. सगुणाबाई नावाची एक म्हातारी तावातावाने उठली. "कागदासाठी जाळं टाकाचं? कागद खाता येते का रे डोमा?"

"बाई, ठेका बी कागदच आहे. त्याच्यावरच खाऊन राह्यलो ना आपन?"

सगुणाबाई बसली. त्या दिवशी सगळे डोंगे उतरले. म्हातारी स्वतः पाळीवर टोपली धरून उभी होती आणि "कागदाची मासोळी, कागदाची मासोळी" म्हणून लोकांना हसवत होती.

नागपूरच्या विक्रेत्याला फोन लावला तो माझ्याच दुकानातून. त्याने विचारलं, किती जण वापरणार? डोमाभाऊंनी अभिमानाने सांगितलं, "साठ घरं!" पलीकडचा माणूस आनंदाने गारच झाला असणार. मी झडप घालून फोन हिसकावला. एकाच माणसाचा परवाना पुरे, हे डोमाभाऊंना समजावताना मला घाम फुटला. त्यांना तो अन्याय वाटत होता. शेवटी म्हणालो, चालवायचं एकाने, बघायचं सगळ्यांनी. "असं सांगा ना मंग. डोंगा एकच जन वल्हवते, खाते सारं गाव." अर्जावर वापरणाऱ्याचं नाव म्हणून त्यांनी मंगलाचं नाव घातलं. माझं घालतील असं मला वाटलं होतं. जरा लागलंच.

ड्राफ्ट गेला, अर्ज गेला, आणि परवान्याचा आकडा काही येईना. चाचणीचे तीस दिवस संपले आणि पडद्याला कुलूप लागलं. साहेबांपुढची सुनावणी चार दिवसांवर. मी पुन्हा एकदा तोंड उघडलं, "भाऊ, पैसे तर आपण भरलेच आहेत. तोवर ती दुसरी सीडी..." त्यांनी नुसता हात वर केला. दोन दिवस ते माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. डब्यातला भात आणि सुकट खायचे, कुरिअरवाला दिसला की उभे राहायचे. साठ घरं त्या पायरीवर बसली होती आणि ती बुडाली तर माणूस मला एका शब्दाने दोष देणार नाही, हे मला ठाऊक होतं. मला इतका राग आला होता त्यांचा की सांगता सोय नाही. आज तोच माणूस पुन्हा त्या पायरीवर बसलेला दिसावा म्हणून मी काय देणार नाही!

सुनावणीच्या आदल्या दुपारी पाकीट आलं. त्यात एक कागद, कागदावर पंचवीस अक्षरं-आकड्यांची ओळ. मी टाइप करत गेलो, ते मोठ्याने वाचत गेले. कुलूप उघडलं, पानं छापली, शिक्का नव्हता. पुढे दोन वर्षांनी संस्थेचा कम्प्युटर बसला आणि कागद पेटीत कुठे सापडेना, तेव्हा डोमाभाऊंनी दारात उभं राहून ती पंचवीसच्या पंचवीस अक्षरं तोंडपाठ म्हणून दाखवली.

सुनावणीला मीही गेलो होतो. साहेबांनी आलेख पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "इथे रेषा तुटली आहे. माहिती नाही का?"

"माहिती आहे साहेब. तिथी जाळं टाकलंच नाई. मासोळी अंड्यावर होती."

मग त्यांनी दुसरं पान पुढे केलं. मधे एक वर्ष जुन्या अध्यक्षाने हट्टाने मातामायच्या पाण्यात जाळं टाकलं होतं. त्या वर्षी रेषा सलग होती आणि उंच गेली होती. पुढची दोन वर्षं बाकीच्या तलावातही ओळीने शून्यं. खरी शून्यं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हे पत्रकात का नाही लिहिलं तुम्ही?"

"पत्रकात रिकामं सोडाले जागाच नोती, साहेब."

ठेका संस्थेकडेच राहिला. त्या दिवशी बसस्टँडवर डोमाभाऊंनी मला चहा पाजला आणि पहिल्यांदाच माझी चौकशी केली. मी म्हणालो, स्पर्धा परीक्षा द्यायची होती, साहेब व्हायचं होतं, पण जमलं नाही. "बसले होते परीक्षेले?" नव्हतो बसलो. फॉर्म भरला होता, गेलो नव्हतो. "मंग जमलं नाई काऊन म्हणता? जमलं नाई हे तं बसनाऱ्यानं म्हनाचं. शून्याले लाजाचं नाई, इंजिनेर. शून्य कमवा लागते." मला ते फार झोंबलं. पण दुसऱ्या वर्षी परीक्षेला बसलो. नापास झालो. सांगायला गेलो तेव्हा त्यांनी माझी पाठ थोपटली आणि सगुणाबाईंच्या घरून मरळीचा रस्सा मागवला.

दुकान वाढलं. मी नागपुरी सीड्या बंद केल्या, गिऱ्हाईक तुटलं, पुन्हा जमलं. गावाला जाणं मात्र कमी होत गेलं. मंगला सगळं चालवत होती, माझी गरज उरली नव्हती. एका हिवाळ्यात एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप आला. भाऊ बिमार आहेत, इंजिनेरले म्हणा येऊन जा एकदा. मी म्हटलं, येतो म्हणून सांग. वरोऱ्याच्या एका जिनिंगचं मोठं काम चालू होतं. पंधरा दिवसांनी पुन्हा निरोप. म्हटलं, या रविवारी. तो रविवार गेला, दुसराही गेला. तिसरा निरोप आला तो मंगलाचा फोन होता.

दहाव्याला गेलो. पाळीवर ते बसायचे ती जागा गुळगुळीत झालेली दिसत होती. संस्थेच्या खोलीत कम्प्युटर चालू होता, भिंतीवर ठेक्याचा हुकूम आणि त्याच्या शेजारी, तशाच चौकटीत, परवान्याचा कागद. मंगला नोंदी भरत होती. ते गेले त्या दिवसाच्या ओळीवर ती थांबली होती. गावात कोणी डोंगा सोडला नव्हता. तिने साठच्या साठ रकाने रिकामे ठेवले आणि एंटर दाबलं. मला विचारलंही नाही.

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "भाऊनं लय वाट पाह्यली तुमची. एसटीचा आवाज आला का विचारे, इंजिनेर आला का पाह्य. तुमी काऊन नाई आले?"

"अगं, जमलं नाही..." माझ्या तोंडून निघालं आणि मी तिथेच थांबलो. ते भिंतीपलीकडून ऐकत असावेत असं वाटलं.

"निघालोच नव्हतो मंगला," मी म्हणालो. तिने मान हलवली आणि पुढची ओळ भरायला घेतली.