आतोबांच्या करवती आणि आत्याचे कान

आमच्या आतोबांकडे सहा चेनसॉ आहेत आणि त्यांतली सगळ्यांत धाकटी माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

आतोबांची उभी हयात लाकडाच्या वखारीत गेली. तरुणपणी एका दिवाळीला मालकानं खूश होऊन विचारलं, "बोला, काय हवं?" यांनी कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या, बंद चेनसॉकडे बोट दाखवलं. मालकाला वाटलं, गडी चेष्टा करतोय. आत्याला वाटलं, संकट आलं, पण एकटंच आलं. दोघांचाही अंदाज चुकला. तिच्या मागून आणखी पाच आल्या.

आतोबा त्यांना चेनसॉ म्हणत नाहीत, साधं करवत म्हणतात. प्रत्येकीला नाव आहे. वखारीतून आली ती थोरली. जिचं पातं आखूड, ती नकटी. एक मुकी आहे, कारण तिचा सायलेन्सर शाबूत आहे. आणि एक आहे सासूबाई. ती सुरू व्हायला वीस वेळा दोरी ओढून विनवण्या कराव्या लागतात, आणि एकदा सुरू झाली की थांबत नाही.

"माझ्या सासूचं नाव यंत्राला देता?" आत्या एकदा कडाडली होती.

"अगं, माझी आई होती ती," आतोबा म्हणाले. "मला माहीत नाही होय?"

परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये हा सगळा संसार. भिंतीवर गोल कानशी, फळीवर जुन्या चेनची वेटोळी, आणि पेट्रोलात मिसळायचं तेल मोजायला खुणा केलेली बाळाची दुधाची बाटली. ती बाटली माझी. मी दूध सोडलं त्या आठवड्यात आतोबांनी ती उचलली, असं आत्या सांगते. खिळ्याला कानांवर घालायचं, आवाज अडवणारं, दोन वाट्यांचं जाड झाकण टांगलेलं असे. वीस वर्षांपूर्वी आत्यानंच आणलं होतं. आतोबा त्याच्या एका वाटीत स्पार्क प्लग ठेवत आणि दुसरीत सुटे स्क्रू. "फार उपयोगी वस्तू आणलीस," असं तिला वर सांगत.

कान झाकायला त्यांचा तात्त्विक विरोध होता. "करवत धरायची हातानं, पण चालवायची कानानं," ते म्हणत. कार्बोरेटरला एक बारीक स्क्रू असतो. सैल केला की इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतं, आवळला की कमी. करवत नुसत्या हवेत भरधाव फिरवली की तिचा आवाज किंचित अडखळता यायला हवा, गुळण्या केल्यासारखा. लाकडात घातली की तोच आवाज साफ व्हायला हवा. हवेतच किंचाळायला लागली तर समजावं, ती उपाशी आहे. पेट्रोल कमी म्हणजे त्यातलं तेलही कमी, मग पिस्टन तापतो, ओरखडतो आणि जाम होतो. चेन बोथट झालीय का, हे डोळ्यांना दिसतं. धार असली की लाकडाचा कीस पडतो, नसली की पीठ. पण पोटातली भूक कानालाच कळते.

लाकडाचंही तेच. फोडलेली दोन लाकडं एकमेकांवर हाणायची. टण्ण वाजलं तर वाळलेलं, धप्प झालं तर अजून ओलं. गावातल्या बेकरीवाल्याची भट्टी आतोबांच्या टण्णवर चाले.

आणि आत्या? तिनं चाळीस वर्षं स्वयंपाकघराच्या खिडकीतून या आवाजाला शिव्या दिल्या. भाजी परतता परतता ती म्हणायची, "नकटीची चेन सैल झालीय, फटफटतेय. सांग जा त्या माणसाला, नाहीतर माझं डोकं फुटेल." मी सांगायला जाई. चेन खरंच सैल असे. आम्ही दोघांनीही त्यात विशेष काही पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आतोबा सगळ्याला "हं" म्हणायला लागले. जेवता का? हं. पाऊस येणार का? हं. तुमचं नाव काय? हं. मग एक दिवस बेकरीवाला दारात उभा. "काका, तुमच्या तोंडाकडे बघून गप्प बसलो असतो, पण माझ्या पावांना धुराचा वास येतोय. लाकूड ओलं आहे हो."

"छे! एकेक वाजवून दिलंय," आतोबा म्हणाले. पण तो गेल्यावर ते बराच वेळ रचलेल्या लाकडांपाशी उभे होते. दोन लाकडं घेत, हाणत, बदलत, परत हाणत.

पुढच्याच आठवड्यात थोरली गेली.

एक जाडजूड बुंधा कापायचा होता. आतोबांनी ती सुरू केली. आवाज त्यांना मंद वाटला, म्हणून स्क्रू थोडा आवळला. तरी मंदच. आणखी आवळला. मग कुठे त्यांच्या मनासारखा टोकदार आवाज आला, आणि त्यांनी पातं बुंध्यात घातलं. तिकडे आत्या उलथनं हातात घेऊन, चपला न घालता धावत बाहेर आली आणि दोन्ही हात हलवून ओरडायला लागली. आतोबांनी पाहिलं. चाळीस वर्षं ती अशीच ओरडत होती. त्यांनी नेहमीसारखी दोन बोटं दाखवली: दोन मिनिटं, झालंच.

दोन मिनिटंही लागली नाहीत. थोरली एकदा किंचाळली आणि अर्ध्या बुंध्यात गप्प झाली.

संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो तेव्हा आतोबा सायलेन्सर काढून, भोकातून बॅटरीच्या उजेडात पिस्टन पाहत होते. मलाही दाखवला. गुळगुळीत असायला हवा तिथे नांगरल्यासारख्या उभ्या रेघा.

"तिची चूक नाही," ते म्हणाले. "बारीक आवाज मला येतच नाहीत आता. पक्षी तर केव्हाचे बंद झालेत. मला वाटलं, गेले असतील कुठे." मग हळूच म्हणाले, "आत्याला बोलू नकोस. रविवारी मेकॅनिक येतोय, सगळ्या घेऊन जाईल. ऐकू न येणाऱ्या माणसानं त्यांना मारून टाकण्यापेक्षा दुसऱ्याकडे जगलेल्या बऱ्या."

मी म्हणालो, "मग तुम्ही दिवसभर करणार काय?"

"हं," ते म्हणाले. या वेळी त्यांना नीट ऐकू आलं होतं.

नंतरचे तीन दिवस त्यांनी एकेक करवत पुसली, धार लावली, ओळीत मांडली आणि प्रत्येकीच्या मुठीला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली, जणू मुलं पहिल्यांदाच परक्या घरी राहायला चालली होती. नकटीच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चोक अर्धाच ओढावा. घाई करू नये.' मुकीच्या: 'बोलत नाही म्हणून दुर्लक्ष होते. तेल तपासावे.' सासूबाईच्या: 'सुरू होत नसल्यास शिव्या देऊ नयेत. चहा पिऊन परत यावे.' थोरलीच्या चिठ्ठीवर फक्त 'माफ कर' होतं. ते मेकॅनिकसाठी नसावं.

गुरुवारी सकाळी मी तिकडे चहाला गेलो. आत्यानं आतोबांसमोर बशी ठेवली. बशीत बिस्किटं नव्हती, एक कोरा करकरीत पिस्टन होता.

"हे काय?" आतोबा चपापले.

"डोळे पण गेले का? पिस्टन. थोरलीचा. अडीनडीला म्हणून बारा वर्षं माझ्या पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवलाय तुम्ही. मला ठाऊक नाही असं वाटलं?" तिनं पदरानं हात पुसले. "चिठ्ठ्या वाचल्या मी. बसवा हा."

"अगं, बसवून काय उपयोग? ऐकणार कोण?"

"मी."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"चाळीस वर्षं काय मी झोपा काढत होते? त्या दिवशी उलथनं घेऊन धावले ते काय तुमची आरती करायला? ती उपाशी किंचाळत होती, आणि तुम्ही मला बोटं दाखवत होता!"

चहावर साय धरली. मग आतोबांनी बशीतला पिस्टन उचलून खिशात टाकला आणि रिकाम्या बशीत चहा ओतला.

दोन दिवस ते सिलिंडरला चिकटलेला धातू बारीक पॉलिशपेपरनं घासत होते. नशीब, आतली भिंत शाबूत होती. शनिवारी सकाळी थोरली जोडून तयार झाली. आतोबांनी ती ओंडक्यावर टेकवली, एका हातात मूठ, दुसऱ्यात स्क्रूड्रायव्हर. समोर, चेनपासून लांब, पण त्यांना नीट दिसेल अशी आत्या उभी. हातात उलथनं. खुणा ठरल्या होत्या: उलथनं डावीकडे म्हणजे सैल करा, उजवीकडे म्हणजे आवळा, उभं धरलं की हात काढा.

तिसऱ्या ओढीला थोरली बोलली. आतोबांनी वेग वाढवला आणि आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. लग्नातही त्यांनी तिच्याकडे इतकं निरखून पाहिलं नसेल.

आत्यानं डोळे मिटले होते. उलथनं डावीकडे झुकलं. "घसा कोरडा आहे तिचा, पाजा थोडं!" ती ओरडून म्हणाली, कारण ओरडल्याशिवाय तिला राहवतच नाही. आणखी डावीकडे. मग झटकन उजवीकडे, अगदी केसभर. आणि उलथनं उभं राहिलं.

"हीच!" आत्या मला म्हणाली. "गुळण्या करतेय बघ. मी भांडायची ती हिच्याशीच."

आतोबांनी हात काढला आणि त्या दिवशी अर्धवट राहिलेल्या बुंध्यात पातं घातलं. आवाज साफ झाला. त्यांना तो ऐकू आला नसेल, पण मनगटांत कळला असावा, कारण खांदे खाली आले. लाकडाचा जाड कीस त्यांच्या बुटांवर पडत राहिला.

रविवारी मेकॅनिक टेम्पो घेऊन आला. "विकायच्या नाहीत," आत्यानं दारातच सांगितलं.

"मग बोलावलंत कशाला?"

"चहाला. बसा."

बेकरीवाल्याच्या लाकडांचंही जमलं. आतोबा खिडकीखाली दोन लाकडं हाणतात आणि वर पाहतात. आतून उलथनं उभं किंवा आडवं दिसतं. आडवं दिसलं की ते लाकूड पुढच्या वर्षाच्या ढिगात जातं.

एक गोष्ट मात्र आत्यानं त्याच रविवारी केली. मेकॅनिक गेल्यावर ती शेडमध्ये शिरली, खिळ्यावरचं ते झाकण काढलं, एका वाटीतले प्लग आणि दुसरीतले स्क्रू फळीवर ओतले, आतली धूळ फुंकली आणि ते आतोबांच्या कानांवर चढवलं.

"आता कशाला?" आतोबा म्हणाले. "जायचे ते गेले की."

आत्यानं एक वाटी जराशी उचलली आणि त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"उरलेत तेवढे माझ्यासाठी ठेवा," ती म्हणाली, आणि वाटी परत नीट बसवली.