पोटरीतला गोळा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळातली ही गोष्ट. मोताळ्याजवळच्या एका गावी दरवर्षी कुस्त्यांची दंगल भरे. कुस्ती झाली, की दमलेला पहिलवान लिंबाखाली एका म्हाताऱ्या न्हाव्यापुढे आडवा होई. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. तेल किती तापलंय ते तो आधी स्वतःच्या मनगटावर पाही. मग अंगठ्याने पोटरी चोळत विचारी, "कोणाले पाडलं बे? का तूच पडला?" हरलेलाही हसे.

त्या वर्षी महारवाड्यातला एक जवान महारांसाठी वेगळी लावलेली कुस्ती मारून बाहेर आला आणि पायांत गोळे येऊन कोसळला. तो कळवळत होता आणि सगळे लांबून बघत होते. म्हातारा उठला, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि चोळू लागला.

"काऊन हात लावला त्याले?" गावचे पाटील ओरडले. "आता आमच्या पोराईले कोण चोळीन?"

"मीच चोळीन, पाटील. गोळा तं त्याच्याबी पोटरीत तसाच येते."

जवान उठून चालत गेला. त्यानंतर मात्र म्हाताऱ्यापुढे कोणी आलं नाही. तो बाहेर येणाऱ्या प्रत्येक पहिलवानाकडे बघत राहिला.

समतेवर मी तेव्हा सभांतून तावातावाने बोलत असे. त्या दिवशी मीही कुस्ती हरलो होतो. म्हाताऱ्याने मला हाक मारली, "ये ना बाप्पा, तुही मांडी भरली दिसते."

"काई दुखून नाही राह्यलं, बाबा," मी म्हणालो आणि लंगडत घराकडे निघालो.