चमकत्या डिस्कचे भाऊजी

आमच्या भाऊजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, लोक 'चकाकी' म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. त्यांच्या ट्रकचा बंपर आरशासारखा, चाकांच्या नटांवर चमचमत्या टोप्या, आणि बॉनेट उघडलं की ऑइल तळाला गेलेलं. बडा घर पोकळ वासा म्हणतात, तो आमच्याकडे चाकांवर फिरायचा.

ट्रक दगडाच्या फरश्यांचा. वरच्या खाणीत भरायचा आणि उतारावरून खाली बांधकामांवर आणायचा. ताईला गाडी उत्तम यायची. आमचे वडील पाण्याचा टँकर चालवायचे. त्यांनीच तिला शिकवलं, लायसन्सही काढून दिलं. पण लग्नानंतर तिने स्टिअरिंगला हात लावला की भाऊजींच्या पोटात दुखायचं. "तू फरश्या उतरवून घे, तेवढं पुरे," म्हणायचे. तीही ऐकायची. मला तिचाही राग यायचा.

मग ब्रेक दाबला की पेडल थरथरायला लागलं. मेकॅनिकने पुढची चाकं काढली आणि तोंड वाकडं केलं. "ब्रेकच्या डिस्क झिजून पातळ झाल्यात. त्यांना पकडणारे पॅडही गेलेत. डिस्क जाड, साध्या घ्या, भोकांच्या नकोत. पॅड मालवाहू गाडीचेच घ्या. थोडे करकरतील, करकरू देत."

"करकरणारे ब्रेक? माझ्या गाडीला?" भाऊजींना तो अपमान वाटला.

दुकानात ताई सोबत होती, म्हणून पुढचं सगळं मला ठाऊक आहे. दुकानदाराने दोन प्रकार समोर ठेवले. एक करडी, जड, कुरूप डिस्क. दुसरी भोकाभोकांची, कडेला लाल रंग. "ही शर्यतीच्या गाड्यांसारखी," तो म्हणाला. झालं! भाऊजींनी ती उचलली, एका भोकातून ताईकडे पाहिलं आणि विचारलं, "बाहेरून दिसेल ना?"

एवढाच प्रश्न. गाडी थांबेल का, हे विचारायला ते विसरले असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्यांना ते सुचलंच नाही.

"अहो, मेकॅनिक साध्या घ्या म्हणाले होते," ताई म्हणाली.

"त्याला काय कळतंय? त्याच्या स्वतःच्या गाडीला धड रंग नाही!"

पॅडही घेतले ते हलक्या गाड्यांचे, आवाज न करणारे. "तुम्ही वजन वाहता ना?" दुकानदाराने विचारलं. भाऊजी म्हणाले, "तुम्ही बांधून द्या." त्यानेही दिले. आमच्या मेकॅनिकने ते बसवायला साफ नकार दिला, तेव्हा भाऊजींनी दुसरा गाठला, ज्याला तोंड उघडायची सवयच नव्हती.

पुढे काही दिवस रिकामा ट्रक नुसता मिरवला. भेटेल त्याला चाकाजवळ वाकायला लावायचं, मग तो "वा!" म्हणेपर्यंत सोडायचं नाही. रिकामी गाडी काय, कशानेही थांबते.

मग खाणीतून पूर्ण भरून निघाले. ताई शेजारी. उतारावर भाऊजी वरच्याच गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवून, गप्पा मारत. आधी जळका वास आला. मग पुढच्या चाकांतून धूर. पेडल दगडासारखं घट्ट, आणि गाडी थांबायचं नाव घेईना.

"गिअर खाली घ्या!" ताई ओरडली.

"गप्प बस! मला शिकवू नकोस!" असं म्हणून या गृहस्थांनी दार उघडलं आणि उडी मारली.

हो, उडी मारली. बायको आत, फरश्या मागे, आणि हे बाहेर.

ताई सरकून त्यांच्या जागी बसली. इंजिन किंचाळलं तरी तिने गिअर खाली ओढला, हँडब्रेक खेचला आणि रस्त्याच्या कडेला टाकलेल्या खडीच्या ढिगात ट्रक घुसवला. बंपर चेपला, दिवे फुटले, गाडी थांबली. ती खाली उतरली आणि तिने चाकाजवळ वाकून पाहिलं. भोकांपासून डिस्कना तडे गेले होते.

भाऊजी कोपर खरचटून लंगडत आले. पहिलं वाक्य काय, तर "मी चाकाखाली दगड लावायला उतरलो होतो." दुसरं, "बंपर वाचवता आला नाही तुला?"

दुसऱ्या दिवशी ताई एकटीच दुकानात गेली, करड्या डिस्क आणि करकरणारे पॅड घेऊन आमच्या मेकॅनिककडे आली. काम होईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. भाऊजींनी किल्लीसाठी हात पुढे केला तेव्हा तिने ती कमरेला खोचली. "नवे पॅड आधी रिकाम्या रस्त्यावर हळूहळू ब्रेक मारत डिस्कवर जमवावे लागतात. मी जाऊन येते," म्हणाली.

तेव्हापासून ट्रक तीच चालवते. भाऊजींची पाठ दुखते, म्हणून ते गाडीत बसत नाहीत. बाहेर खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "हिला मीच शिकवलं." ताई ऐकते आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी तापवते, पाठ शेकायला. यावर मी तिच्याशी पुष्कळ भांडले. ती म्हणते, "असू दे गं, घरात असले की रस्त्यावर नसतात."