माझ्या अक्षरातली गोष्ट

माझं अक्षर वडिलांनी मारून मारून घडवलं. ते कोर्टात नकला उतरवायचे. संध्याकाळी घरी आल्यावर माझ्या वहीतला 'ण' वाकडा दिसला की पट्टी बसलीच हातावर. पुढे सरकारी कचेरीत नोकरी लागली ती त्या अक्षरावर, आणि कथा-मंडळात मला मान होता तोही अक्षराचाच, लिहिण्याचा नाही. हे सांगताना आजही तोंड कडू होतं, पण सुरुवातीलाच सांगून मोकळी होते.

मंडळ म्हणजे वीसेक माणसं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची वर्षं. सीताबर्डीच्या मागच्या अंगाला एका शाळेचा वरचा हॉल आम्हाला महिन्यातल्या पहिल्या रविवारी दुपारी तीनला मिळायचा. बँकेतले, कचेरीतले, दोन प्राध्यापक, आणि खापरखेड्याच्या वीजघरातले एक फोरमन. ते पाळी संपवून बसने यायचे आणि पहिल्या दहा मिनिटांत घोरायला लागायचे. अध्यक्ष होते मराठीचे निवृत्त मास्तर. त्यांना सगळे सर म्हणत.

सरांनी एक नियम घालून दिला होता. कथा निनावी द्यायची. जिन्याखाली पत्र्याची पेटी होती, तीत टाकायची. शुक्रवारी पेटी मी उघडायची आणि सगळ्या कथा माझ्या अक्षरात उतरवून काढायच्या, कारण आमच्या नागपुरात सगळ्यांना एकमेकांचं अक्षर पाठ. रविवारी वाचायचं मीच. मग चर्चा. चर्चा कसली, चिरफाडच ती. ती संपली की सर तीन वेळा म्हणायचे, "लेखकानं उभं राहावं." तेव्हा कुठे कळायचं कथा कोणाची. "कागदाला जात नसते," असं सर नेहमी म्हणत, आणि त्यांना ते मनापासून वाटे. मूळ प्रत लेखकाला परत जायची, माझी नक्कल जाळून टाकायची. पूर्वी एका महाभागानं दुसऱ्याची कथा दिवाळी अंकात स्वतःच्या नावावर छापून आणली होती, म्हणून हा बंदोबस्त.

नकला जाळायला मी शाळेच्या चपराशाच्या बायकोकडे द्यायची. शाळेमागच्या खोलीत ते दोघं राहत. ती माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठी, उंच, बेताचं बोलणारी. हॉल झाडायची, खिडक्यांना लावलेल्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायची, आणि बैठक चालू असताना सगळ्यांना पाणी द्यायची. हॉलची किल्ली तिच्याकडेच असे.

सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या कथा वाचल्या. माझ्या स्वतःच्या दोन टाकल्या होत्या. दोन्ही वेळा सगळ्यांनी त्यांची सालटी काढली, आणि मी उभी राहिले तेव्हा लोक बिचारे पंख्याकडे बघायला लागले. त्या बघण्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. माझी एकच इच्छा होती. टाळ्या पडत असताना त्या हॉलमध्ये एकदा उभं राहायचं. लग्न नाही, भाऊबहीण नाही, घरात मी आणि आई. दुसरं काही मागायचं सुचतही नव्हतं मला.

शनिवारी कचेरी अर्धा दिवस. तेव्हा मी किल्ली घेऊन वर जायची आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर उद्याच्या कथा मोठ्यानं वाचायची. सरावासाठी. हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. बाईमाणूस एकटं खुर्च्यांशी बोलतं म्हटल्यावर लोकांनी मला वेड्यांच्या इस्पितळाचा रस्ता दाखवला असता.

त्या मे महिन्यात पेटी उघडली तर तीन कथा निघाल्या. दोन्हींची अक्षरं ओळखीची होती. तिसरी माझ्या अक्षरात होती.

आधी वाटलं, जुनी नक्कल चुकून पेटीत पडली असेल. पण ही कथा मी वाचलेली नव्हती. 'ण' तोच, वडिलांच्या पट्टीचा. उकाराची शेपटी मी जरा लांब ओढते, तीही तशीच. मी त्याच कागदावर खाली पहिली ओळ लिहून पाहिली. दोन ओळींत मलाच फरक सांगता येईना. भर दुपारी, बाहेर लू वाहत होती, आणि मी पदर अंगाभोवती लपेटून घेतला.

मग वाचायला घेतली. एक बाई दर शनिवारी एका बंद खोलीत येते आणि रिकाम्या खुर्च्यांना गोष्टी सांगते. वाचताना डावी चप्पल काढून ठेवते. चुकलं की स्वतःलाच 'गाढवीण' म्हणते. खुर्च्या ऐकतात. सगळ्यांत मागच्या रांगेतली तिसरी खुर्ची जरा जास्तच ऐकते. बाई कुलूप लावून निघून जाते, आणि मग बंद खोलीत ती खुर्ची अख्खी गोष्ट पहिल्यापासून म्हणून दाखवते, बाईच्याच आवाजात. जिथं बाई अडखळली, तिथं खुर्चीही अडखळते. संपली कथा.

मी वाचताना डावी चप्पल काढून ठेवते. गाढवीणही म्हणते.

घरी आल्यावर आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तूच लिहिलं असशीन झोपेत," आई म्हणाली. "तुयी मोठी आत्या झोपेत उठून पीठ मळे. सकाळी परातीत गोळा तयार." एवढं बोलून तिनं मीठमोहऱ्या घेतल्या, माझ्यावरून ओवाळल्या आणि शेगडीत टाकल्या. "काहून भेतं वं? चांगलं लिहिलं का नाई ते सांग."

चांगलं लिहिलं होतं. तिथंच तर माझं घोडं अडलं होतं. मंडळात सहा वर्षांत एवढी चांगली कथा मी वाचली नव्हती. रात्रभर आत्याचं पीठ डोक्यात मळत राहिले. कोणी पाहिलं नाही, कोणाला माहीत नाही, अक्षर माझं, चप्पल माझी. मग लिहिणारी दुसरी कोण असणार?

रविवारी ती मी शेवटी वाचली. खुर्ची बोलायला लागते त्या जागी आले आणि नेमकी वीज गेली. पंखा फिरत फिरत थांबला. ओल्या ताट्यांमुळे हॉलमध्ये हिरवट अंधार. फोरमनसुद्धा जागे झाले होते. वाचून संपलं तेव्हा कोणी चिरफाड केली नाही. एकेक जण मान वळवून मागच्या रांगेकडे बघत होता. तिसऱ्या खुर्चीवर त्या दिवशी एक प्राध्यापक बसले होते, ते हळूच उठले आणि भिंतीला टेकून उभे राहिले. मग टाळ्या सुरू झाल्या. थांबेचनात.

"लेखकानं उभं राहावं," सर म्हणाले. भिंतीजवळचे प्राध्यापक घाईनं दुसऱ्या खुर्चीवर बसले. आपल्याला कोणी लेखक समजू नये म्हणून.

दुसऱ्यांदा म्हणाले. लोक एकमेकांकडे बघायला लागले.

तिसऱ्यांदा म्हणाले, आणि मी उभी राहिले.

खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद आयुष्यात झाला नव्हता. सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. "ताई, सहा वर्षं आम्ही तुम्हाला नुसतं वाचायला लावलं," ते म्हणाले. चपराशाची बायको दाराशी पाण्याची बादली घेऊन थांबली होती. तिनं मला पेला दिला. तिचे डोळे माझ्यावरून हलेनात, म्हणून मीच नजर वळवली. वाटलं, तिलाही कथा आवडली असेल.

जूनच्या पेटीत पुन्हा माझ्या अक्षरातले कागद निघाले. या वेळी एक बाई भर सभेत उभी राहते. लोक टाळ्या वाजवतात, घरी जातात. बाई बसायला जाते तर गुडघे वाकत नाहीत. ती उभ्यानं जेवते, उभ्यानं झोपते. आई म्हणते बस गं, तर तिला बसणं म्हणजे काय तेच आठवत नाही. माणसं येतात, तिच्या अंगावर छत्र्या अडकवून ठेवतात आणि जाताना घेऊन जातात.

ती मी उतरवली नाही, वाचली नाही, कोणाला दाखवलीही नाही. सकाळी आईनं आंघोळीचा बंब पेटवला होता. सगळे कागद त्यात घातले. राख खाली पडली तरी मी तिथंच उभी होते. आईनं हाक मारली, "बस ना वं, चहा घे," आणि मी आधी हातानं गुडघे चाचपून पाहिले. आज हसू येतं. तेव्हा नाही आलं. पुढचा महिनाभर मी कचेरीत खुर्चीवर टेकताना श्वास रोखून धरायची.

जुलैमध्ये ठरवलं, भूत असो की मी स्वतः असो, सोक्षमोक्ष लावायचा. शनिवारी नेहमीसारखी वर गेले, उद्याच्या कथा वाचल्या, कुलूप लावलं, खाली येऊन किल्ली चपराशाच्या खोलीच्या दारातल्या खिळ्याला अडकवली, आणि फाटकापर्यंत चप्पल वाजवत गेले. पंधरा मिनिटांनी अनवाणी परत आले. खिळ्यावर किल्ली नव्हती. जिना चढताना वरून आवाज यायला लागला.

माझंच वाचन चाललं होतं. तोच चढ, तोच उतार. मी जिथं खोकले होते, तिथं वाचन क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. मधेच "गाढवीण" असंही ऐकू आलं. मी कठडा धरून उरलेल्या पायऱ्या चढले.

दार लोटलं. मागच्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर चपराशाची बायको बसली होती. मांडीवर गेल्या महिन्याच्या माझ्या नकला, आणि एक पाटी.

ती दचकून उठली. "बाई, मी काही चोरलं नाई," एवढंच आधी म्हणाली.

मग हळूहळू सगळं निघालं. लहानपणी दुसरीपर्यंत शाळा झाली होती तिची, पुढे कामाला लावलं. इथं आल्यावर शनिवारी मी वाचायची ते ती खिडकीआड, व्हरांड्यात बसून बघायची, ऐकायची. रविवारी पुन्हा ऐकायची. पहिल्या खेपेतच बहुतेक पाठ, दुसऱ्या खेपेला पक्कं. मग नकला जाळायला दिल्या की त्या घरी न्यायच्या आणि पाठ झालेली गोष्ट म्हणत म्हणत कागदावर बोट फिरवायचं. हा शब्द तर हा असा दिसतो. मग त्यावरून पाटीवर गिरवायचं. सहा वर्षं. तिला दुसरं अक्षर ठाऊकच नव्हतं. तिच्या लेखी मराठी अशीच लिहायची असते, माझ्यासारखी.

"एकबी कागद जाळला नाई मी," ती म्हणाली. "खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली पेटी हाये, तिच्यात ठेवले समदे. जाळाले हातच होत नव्हता."

मला तिच्या पाया पडायला हवं होतं. पण मी चिडले. चोराला पकडलं की तो आधी ओरडतो, तशी. "मग त्या दिवशी सरांनी तीन-तीन वेळा विचारलं," मी म्हटलं, "तेव्हा उभी का नाही राहिलीस?"

तिला प्रश्नच कळला नाही. "मी तं उभीच होती, बाई," ती म्हणाली. "दाराशी. तिन्ही खेपा. सर तुमच्याकडं पाहून राहिले होते."

मी खुर्चीवर बसले. गुडघे वाकले.

"दुसरी नाई वाचली तुमी?" तिनं विचारलं. "ते लेखक उभे राहतात, त्यायच्यावरच केली होती, गमतीची. तुमच्यावर नव्हती, बाई."

"राहून गेली," मी म्हणाले. "उद्या बघू." खरं तोंडातून निघालंच नाही.

रविवारी मात्र वाचन सुरू होण्याआधी मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. ती कथा माझी नाही, हिची आहे. मी खोटी उभी राहिले. दोघं-तिघं हसले, त्यांना वाटलं ही नवी कथा आहे. सर हसले नाहीत. ते दाराशी गेले, तिच्या हातातली बादली त्यांनी स्वतः खाली ठेवली आणि तिला पुढं आणून आपल्या खुर्चीवर बसवलं. ती काठावर टेकली. त्यांनी तिला चार प्रश्न विचारले, तिनं नीट उत्तरं दिली. आता कोणी हसत नव्हतं.

"आणखी काही लिहिलंय का, बाई?" सरांनी विचारलं. "आजच ऐकू आम्ही. तुम्ही स्वतः वाचा."

तिचा चेहरा असा फुलला की काय सांगू. सहा वर्षांत मी तिचे दात पाहिले नव्हते.

"हाये ना," ती म्हणाली. "एकच हाये. चार महिने लागले मले. बाईपाशी हाये, त्यायनं ठेवली हाये सांभाळून."

आणि तिनं माझ्याकडे हात पुढं केला.